मुकादम मंडळी, दसऱ्याआधी एकदा ती वही उघडा

बीड जिल्ह्यातल्या, आणि शेजारच्या जालना, परभणी, धाराशिवकडच्या समस्त ऊसतोड मुकादमांना,

रामराम.

बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात एका तालुक्याच्या गावी माझा दातांचा दवाखाना आहे. पण हे पत्र डॉक्टरचं आहे असं समजून बाजूला ठेवू नका. माझे वडील, आण्णा, मुकादम होते; कारखान्याकडून पैसे घेऊन ऊसतोडीला मजुरांची टोळी नेणारे. सतरा कोयत्यांची, म्हणजे सतरा नवरा-बायकोच्या जोड्यांची टोळी, टायर गाड्या, मुक्काम कधी सांगलीकडं, कधी बेळगावकडं. सातवीपर्यंतचे माझे चार हंगाम कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत गेलेत. त्यामुळं हंगामाआधीची आगाऊ उचल म्हणजे काय, हंगाम संपून पट्टा पडतो म्हणजे काय, आणि एखादा कोयता उचल घेऊन रात्रीतून पळाला की मुकादमाच्या घरात दोन दिवस चूल का पेटत नाही, हे मला कुणी सांगायची गरज नाही. कारखान्याकडून घेतलेल्या पैशापोटी आण्णांनी जमिनीचे कागद दिलेले मी पाहिलेत. तेव्हा शिव्या द्यायला लिहीत नाही. शिव्या देणारे पुष्कळ आहेत. ते हंगामात एकदा फडात येतात, फोटो काढतात आणि ऊन चढायच्या आत गाडीत बसतात.

विषय तंबाखूचा आहे. हसाल, माहिती आहे. म्हणाल, डॉक्टर, दारूवर बोला, दारूनं टोळ्या बसल्या. खरंय. पण दारूवर बोलायला तुम्हाला कुणी लागत नाही. प्यायलेला गडी पहाटे उठत नाही, बायकोला मारतो, फडावर तमाशा होतो, गाडी रिकामी राहते. तुमचं नुकसान तिथल्या तिथं दिसतं आणि तुम्ही त्याला झापता. तंबाखूचं तसं नाही. तंबाखूनं तुमचं काम थांबत नाही, उलट चालतं. म्हणून या एका नशेबद्दल आजवर कुठल्याच मुकादमानं कुणाला झापलेलं नाही. मी तर ऐकलं नाही.

पहाटे तीनला उठायचं, रात्रीची शिळी भाकर फडक्यात बांधायची, आणि फडात पोचलं की पहिली चिमूट ओठात. पोटातली भूक दबते. रात्री ट्रक भरायला उठावं लागलं की दुसरी चिमूट, झोप उडते. हे काही मनाचे खेळ नाहीत. तंबाखूतलं निकोटीन भूक मारतं, नाडी जलद करतं, रक्तदाब चढवतं आणि मेंदूला थोडा वेळ तरतरी देतं. त्यात चुना मळला की ते तोंडाच्या आतल्या कातडीतून चटकन रक्तात जातं. चुना लोक चवीसाठी घालतात असं वाटतं, पण काम तो हे करतो. आणि वर तोंड पोळतो ते वेगळंच. थोडक्यात, दोन वेळच्या पोटभर जेवणाचं आणि सहा तासांच्या झोपेचं काम आपण एका पुडीवर भागवतो. मोळीच्या मजुरीत ती पुडी स्वस्त पडते, म्हणून ती चालते.

आता बायांचं. पुरुषाची तंबाखू दिसते, बाईची मिसरी दिसत नाही. महाराष्ट्रात 2016-17 साली झालेल्या सरकारी पाहणीत तंबाखू ओढणारे शंभरात चारसुद्धा निघाले नाहीत, पण तोंडात ठेवणारे, चघळणारे, घासणारे साधारण 24 टक्के निघाले. बायांमध्ये साधारण 17 टक्के. देशभरात हेच प्रमाण बायांत 13 टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणजे आपल्याकडच्या बाया या एका बाबतीत देशाच्या पुढं. आणि ही पाहणी घरोघरी जाऊन केलेली. कोपीत कोण गेलं असेल, तुम्हीच सांगा.

मिसरी कशी होते ते तुम्हाला ठाऊकच आहे, पण एकदा डॉक्टरच्या नजरेनं बघा. ज्या तव्यावर भाकर होते त्याच तव्यावर तंबाखूची पानं टाकायची, कोळसा होईस्तोवर भाजायची, हातानं चुरून डबीत भरायची. कोपीभर जो धूर होतो त्यात पोरं खोकतात. बायांचा समज असा की भाजली की तंबाखूचं विष जळून जातं, राहते ती नुसती दात घासायची राख. उलटं आहे. निकोटीन राहतंच, आणि जळताना धुरात जी कर्करोगाची द्रव्यं तयार होतात ती त्या काळ्या भुकटीत उतरतात. दात घट्ट होतात म्हणतात, तेही खोटं. हिरडी बधिर होते म्हणून दुखणं कळत नाही, एवढंच. हिरड्या खाली सरकलेल्या, मुळं उघडी पडलेली, आणि बाई सांगते, “मिसरीनंच तर टिकलेत दात.” मी दात हातानं हलवून दाखवतो, तेव्हा गप होते.

आणखी एक गोष्ट बाया पुरुष डॉक्टरला सांगत नाहीत, माझ्या बायकोला सांगतात. मिसरी लावल्याशिवाय सकाळी पोट साफ होत नाही. हेही खरंच आहे, निकोटीन आतडं हलवतं. सवय लागली की त्याच्याशिवाय आतडं हलायचं नाव घेत नाही. फडात आडोसा नाही, उजाडायच्या आत उरकावं लागतं, उशीर झाला तर दिवसभर कुचंबणा. तेव्हा पहाटेची मिसरी ही तिची चैन नाही, नाइलाज आहे. तिला “सोड गं” म्हणणं सोपं आहे; आधी कोपीजवळ दोन आडोसे उभे करा, मग म्हणा.

पोटुशी बाई मिसरी लावते तेव्हा निकोटीन वारेतून बाळाकडं जातं. वारेतल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि बाळ पोसत नाही. मुंबईत 1,217 बायांवर झालेला एक अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या तंबाखूवाल्या बहुतेकजणी मिसरीच लावणाऱ्या होत्या. इतर सगळ्या गोष्टींचा हिशेब वजा करूनही त्यांची बाळं सरासरी 105 ग्रॅमनं कमी भरली, आणि दिवस भरायच्या आत बाळंत होणाऱ्याही जास्त निघाल्या. 105 ग्रॅम म्हणजे काय हो, असं वाटेल. ज्या आईचं स्वतःचं वजन चाळीस किलोच्या आत आहे, जी सातव्या महिन्यात मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते, तिच्या बाळाला शंभर ग्रॅम ही मोठी गोष्ट असते.

आता ज्या कारणासाठी पत्र लिहायला बसलो ते.

आमच्या टोळीत एक बाई होती, आम्ही पोरं तिला मामी म्हणायचो. माझी सातवी होती. हंगाम सुरू होऊन महिना झाला असेल, मामी एका संध्याकाळी आण्णांकडं आली. डाव्या गालात बोट घालून म्हणाली, “मुकादम, हितं खरखर लागतंय. पांढरं पांढरं हाय म्हनते जाऊ.” आण्णा कंदिलाजवळ वही घेऊन बसले होते. मान वर न करता म्हणाले, “पट्टा पडल्यावर बघू.” ती बरं म्हणून गेली. पट्टा पडायला साडेचार महिने होते. माघात तिला भाकर चावेना, दोन दिवस कोपीत पडून राहिली. पाडव्याला गावी आलो तोवर जबड्याखाली सुपारीएवढी गाठ. जिल्ह्याच्या डॉक्टरनं मुंबईला जा म्हणून सांगितलं. जायला पैसे नव्हते, उचल फिटली नव्हती. पुढच्या दिवाळीला मामी नव्हती, आणि तिच्या जागी तिची पंधरा वर्षांची पोरगी बापाबरोबर कोयता म्हणून गाडीत बसली.

आण्णा वाईट माणूस नव्हते. त्यांनी मामीच्या दिवसाला ज्वारीचं पोतं पाठवलं होतं, आणि राहिलेली उचल बरीचशी सोडून दिली होती. पण मागच्या वर्षी दिवाळीला माळा झाडताना त्या हंगामाची वही सापडली. लाल कापडी पुठ्ठ्याची, कडा उंदरानं कुरतडलेली. मामीच्या नवऱ्याच्या नावाचं पान काढलं. आठवड्याच्या खर्चीचा हिशेब आण्णांच्या अक्षरात: ज्वारी 10 किलो, तेल, मिरची, चहा-साखर, तंबाखू 6 पुड्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच, तंबाखू 6. मग 8. माघातल्या आठवड्यात लिहिलंय, “खाडा 2”, म्हणजे दोन दिवस कामावर गैरहजर. आणि त्याच्याच खाली, “तंबाखू 9”.

मी डॉक्टर झालो म्हणून ते पान मला वाचता आलं. गालात दुखत होतं म्हणून ती पुड्या वाढवत होती, कारण तंबाखूनं तेवढा वेळ बधिर व्हायचं. पुडी उधारीवर मिळत होती. दवाखाना उधारीवर मिळत नव्हता, आणि वर त्याचा खाडा पडत होता.

तो पांढरा चट्टा पहिल्या महिन्यात दाखवला असता तर? छातीठोक सांगता येत नाही. पण असे चट्टे रोज बघतो म्हणून एवढं सांगतो: तंबाखू बंद केल्यावर त्यातले पुष्कळसे निवळतात, जे निवळत नाहीत त्यांचा नखाएवढा तुकडा काढून तपासता येतो, आणि कर्करोग निघालाच तरी त्या वेळी तो गालापुरता असतो. मानेत गाठ आल्यावर तोच आजार वेगळा होतो. जबडा काढावा लागतो, किरणांचे शेक द्यावे लागतात, नळीनं खायला घालावं लागतं, आणि एवढं करूनही माणूस हाती लागेलच असं नाही. भारतातल्या पुरुषांत आज सगळ्यात जास्त आढळणारा कर्करोग तोंडाचाच आहे, आणि आपले लोक दवाखान्यात पोचतात ते बहुतेक उशिराच. ऊसतोडीवाल्यांच्या बाबतीत त्या उशिराला नाव आहे. त्याचं नाव “पट्टा पडल्यावर”.

आणि तोंडातली खूण ओळखायला डॉक्टर लागतोच असं नाही. मोबाइलची बॅटरी लावून गाल बाहेर ओढा, जिथं चिमूट ठेवतो ती जागा बघा. पांढरा चट्टा दिसला, आणि विशेषतः लाल मखमलीसारखा डाग दिसला, तर थांबू नका. लाल जास्त वाईट. तोंडातला कुठलाही फोड, जखम पंधरा दिवसांत भरली नाही तर ती उष्णतेची नाही. चांगला दात आपोआप हलायला लागला, गिळताना कानात कळ येते, जीभ जड पडली, ही सगळी दाखवायची दुखणी आहेत. गुटखा आणि सुपारी खाणाऱ्या पोरांचं वेगळं असतं. त्यांना आधी तिखट झोंबायला लागतं. आपल्याकडचा गडी ठेचा नको म्हणाला, भाकर पाण्यात कालवून खायला लागला, की समजा. सुपारीनं गालाच्या आतली कातडी चामड्यासारखी कडक होत जाते आणि तोंड उघडेनासं होतं. आपली स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जायला हवीत. माझ्याकडं बावीस वर्षांचा पोरगा आला होता, त्याचं एक बोट कसंबसं जात होतं; घास बारीक करून ढकलत होता. हे एकदा झालं की पूर्ववत होत नाही, आणि यातल्या काहींना पुढं कर्करोग होतो. नुसती सुपारीसुद्धा कर्करोग करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 2004 सालीच जाहीर केलंय, तेव्हा “मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी” हे सांगू नका.

गुटखा 2012 पासून महाराष्ट्रात बंद आहे. (हे वाक्य लिहिताना मलाही हसू आलं. फडाच्या बांधावर त्याच्या रिकाम्या पुड्या वाढ्यांपेक्षा जास्त पडलेल्या असतात.)

मग मी तुम्हाला काय मागतोय? टोळीला व्यसनमुक्तीची शपथ द्या, असं नाही. शपथा कारखान्याच्या कार्यक्रमात होतात आणि मंडपाबाहेर पडताच चुना मळला जातो. गळ्यात माळ घातली की मटण सुटतं, दारू सुटते, पण माळकऱ्याच्या कोपरीत तंबाखूची चंची तशीच असते, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या बघतो. मी फक्त तुमच्या हातात असलेल्या गोष्टी मागतोय.

खर्चीच्या किराण्यातून तंबाखू काढून टाका. ज्याला घ्यायची त्यानं आपल्या खिशातल्या पैशानं, आपल्या पायानं जाऊन घ्यावी. दुकानदाराला तुम्ही सांगितलं की या टोळीच्या खात्यावर पुडी चढवायची नाही, तर तो चढवणार नाही. तुमच्या शब्दाला तिथं वजन आहे. यानं तंबाखू सुटणार नाही, पण पुड्या सहाच्या नऊ होताना कुणाच्या तरी लक्षात येईल. आणि पुडी आणायला पोराला पिटाळणं बंद करा. अठरा वर्षांखालच्या पोराच्या हातात तंबाखू देणं हा कायद्यानं गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, पण ते सोडा. मी पहिली चिमूट आण्णांची पुडी आणताना वाटेत खाल्ली. दहा वर्षांचा होतो, भोवळ येऊन उसाच्या चरीत पडलो. नशीब म्हणायचं की त्या दिवशी उलटी झाली आणि कायमची धास्ती बसली. माझ्याबरोबरच्या दोघांना उलटी झाली नाही.

दुसरं, तोंड दाखवायला गेलेल्या माणसाचा खाडा धरू नका. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जाऊन यायला एक दिवस जातो. सतरा कोयत्यांत सहा महिन्यांत असे फार तर तीन-चार दिवस निघतील. मी मुकादमाच्या घरचा आहे, मला हिशेब कळतो: एक कोयता मध्येच बसला तर त्याची अख्खी उचल तुमच्या अंगावर येते. त्यापुढं हे चार दिवस काहीच नाहीत. दयेचं राहू द्या, हिशेबानं बघा.

तिसरं फारच साधं. निघताना प्रत्येक घराचं रेशनकार्ड आणि आधार सोबत घ्यायला लावा. कार्ड गावी पेटीत, पेटीची किल्ली म्हातारीकडं, म्हातारीला दिसत नाही, असे किस्से मी ऐकलेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचं ऑपरेशन, शेक, केमो हे सगळं बसतं, पण कागद हातात लागतात. आपल्या विभागाला छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. मुंबईलाच जावं लागतं असं आता राहिलेलं नाही. मामीच्या वेळी होतं तसं.

एक तंबाखूबाहेरचं, पण त्याच पिशवीतलं. कंबरदुखीच्या गोळ्या. तुमच्यातले पुष्कळजण गोळ्यांची पाकिटंच सोबत ठेवतात आणि पहाटे वाटतात. मायेनं वाटता, माहिती आहे. पण उपाशीपोटी, उन्हात घाम गाळत, पाणी कमी पिऊन रोज दोन गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या की मूत्रपिंडं बाद होतात. वर संध्याकाळी दारू असेल तर पोटात रक्तस्राव होतो. काळी शी होऊ लागली तर ती मिसरीमुळं नाही, तो रक्ताचा रंग आहे.

सोडू म्हणणाऱ्यासाठी थोडं सांगतो. पहिले तीन-चार दिवस सगळ्यात वाईट असतात: डोकं दुखतं, चिडचिड होते, झोप येत नाही, पोट साफ होत नाही. दोन ते चार आठवड्यांत ते ओसरतं. म्हणून ऐन हंगामात सोडायला सांगू नका, कोयता हातात असताना कुणाला जमत नाही. निघायच्या आधी सोडायची. आपल्याकडं त्याला एक आयती जागा आहे. नवरात्रात आपल्या बाया नऊ दिवस चपला सोडतात, काहीजणी देवीच्या नावानं मिसरीही सोडतात, आणि दसऱ्याला सोनं वाटून झालं की पुन्हा डबी उघडतात. वाईट दिवस तर त्या नवातच संपलेले असतात! डबी उघडली नाही की झालं, असं मी दरवर्षी सांगतो. गेल्या वर्षी तिघींनी ऐकलं. निकोटीनच्या गोळ्या मिळतात, त्या चघळून गालात धरून ठेवायच्या, थुंकायच्या-गिळायच्या नाहीत; ज्यांचं तोंड उघडत नाही त्यांच्यासाठी त्या कामाच्या नाहीत, त्यांनी मला भेटावं. फोनवर बोलायचं असेल तर सरकारचा 1800-11-2356 हा फुकट नंबर आहे.

घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत नऊही दिवस सकाळी सात ते दहा मी टोळीतल्या माणसांची तोंडं बघणार आहे, पैसे न घेता. एका माणसाला तीन मिनिटं लागतात. बायांना माझी बायको बघेल, ती पण दातांचीच डॉक्टर आहे. गावातच ट्रॅक्टर लावून सगळ्यांना एकदम आणलंत तर उत्तम, नाहीतर मीच येतो, फक्त एक खुर्ची आणि उजेड द्या.

आणि मुकादम, येताना मागच्या हंगामाची वही घेऊन या. कोण किती तंबाखू खातो याची इतकी चोख नोंद ना आशाताईकडं आहे, ना सरकारकडं. कुणाच्या पुड्या सहाच्या नऊ झाल्यात तेवढं आपण दोघं मिळून बघू, आणि पहिला नंबर त्यांचा लावू.

तुमचाच,
एका मुकादमाचा मुलगा